उत्तर भिंतीचा साक्षीदार

१५ मे, संत हालवार्डचा दिवस. बर्गन

पोचलो एकदाचा! निदारोसहून नऊ दिवसांचा प्रवास. त्यातले चार दिवस पाऊस, तीन दिवस उलट्या आणि दोन दिवस दोन्ही. बंदरात शिरताना मात्र ढग बाजूला झाले आणि पलीकडच्या टोकाला राजाचं दगडी सभागृह दिसलं. मी घाईघाईने केस सारखे करायला लागलो, जणू राजा खिडकीत उभा राहून माझीच वाट बघत होता. नावाडी हावार्ड हसला. म्हणाला, की केसांचं राहू द्या, आधी अंगरख्यावरचं कालचं जेवण पुसा.

मी आउडुन. वय सव्वीस. निदारोसच्या मोठ्या चर्चमध्ये अकरा वर्षं लेखनिक होतो आणि माझं अक्षर तिथे सगळ्यांत देखणं होतं. हे मी नाही, खुद्द बिशप म्हणायचे. असं स्वतःच लिहिताना संकोच वाटायला हवा, पण वाटत नाही. राजाच्या कचेरीला चांगल्या हाताचा माणूस हवा होता, म्हणून मला धाडलं. निघताना गुरुजींनी बजावलं, की रोज थोडं स्वतःसाठी लिहीत जा, हात मोकळा राहतो. म्हणून ही वही. चर्मपत्राच्या कापून टाकलेल्या कडा शिवून केली आहे. दिवसभर लॅटिन लिहायचंच आहे, तेव्हा इथे आपली घरची भाषा.

राहायची सोय धक्क्यावर, गुनवर नावाच्या बाईच्या माडीवर. बाई पस्तिशीची, धिप्पाड, तोंडाने फटकळ. तिने सुका मासा, चमचाभर लोणी आणि एक काळी भाकरी पुढ्यात ठेवली. भाकरी चावेना. मी तिला विचारलं, की ही कशाची? ती म्हणाली, "पाइनच्या सालीची, लेखनिकबुवा. दळलेली साल आणि मूठभर जव. राजाच्या घरून पीठ आणलं असलंत तर काढा बाहेर, मी लगेच चूल पेटवते."

सगळ्या गावात धान्याची टंचाई आहे म्हणे. मी हसत हसत ती साल खाल्ली. पोटात अजून तशीच्या तशी आहे.

१८ मे

कचेरी मला फार आवडली. लांबट दगडी खोली, उंच खिडक्या, उतरती मेजं. गाव सगळं लाकडी, त्यामुळे आगीच्या भीतीने इथे दिवा लावायला बंदी. उजेड आहे तोवर काम. या दिवसांत उजेड संपतच नाही, हे ज्याने नियम केला त्याला ठाऊक असावं.

राजाचे सचिव हेर्लाउग यांना भेटलो. बारीक अंगाचे, मऊ आवाजाचे. माझं एक पान त्यांनी खिडकीशी धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, की असं अक्षर असेल तर लोक मजकुरावरही विश्वास ठेवतात. मी दिवसभर हवेत होतो.

कचेरीत आणखी एकच लेखनिक आहे, ओगमुंड नावाचा म्हातारा. ठार बहिरा. कानांत चक्क मुद्रेचं मेण कोंबलेलं. काही सांगायचं तर मेणाच्या पाटीवर खरडून दाखवायचं. गंमत म्हणजे तो आत बसतच नाही. मागच्या अंगणात तीन भिंतींची, समोरून उघडी अशी एक पडवी आहे. पाऊस असो, वारा असो, तिथेच मेज टाकून बसतो. स्वयंपाकी सांगत होता, की म्हातारा झोपतोही तिथेच, आणि आत बोलावलं तर मांजर पाण्यापासून पळावं तसा पळतो. मी म्हातारपणी असा होऊ नये, एवढीच प्रार्थना.

२२ मे

आज खरं काम कळलं. इंग्लंडच्या राजाला पत्र जायचं आहे.

आपली राणी आव्हिस इंग्लंडच्या राजघराण्यातली. हुंड्यात तिच्यासोबत तिथल्या एका बंदराची जकात आली होती, म्हणून आपली जहाजं तिथे बिनघोर जायची, मासे घेऊन आणि राय-गहू भरून परत. राणी गेल्या जानेवारीत बाळंतपणात वारली, मूलही गेलं. इंग्लंडचा राजा म्हणतो, मुलगी गेली, आता हुंडा परत करा. आपण नाही म्हटलं, तर त्याने आपली धान्याने भरलेली तीन जहाजं खलाशांसकट अडकवून ठेवली. हे कळताच इथल्या जर्मन व्यापाऱ्यांनीही आपल्या कोठारांना कुलपं घातली. म्हणून ती सालीची भाकरी.

त्यांच्याकडे रीत अशी आहे. बायको वारली तर हुंडा माहेरी जातो. पण तिला जिवंत मूल झालं असेल आणि त्याचं रडणं चार भिंतींच्या आत ऐकू आलं असेल, तर मूल पुढच्या घटकेला गेलं तरी हुंडा नवऱ्याकडे जन्मभर राहतो. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव आणि बायकांची साक्ष त्यांच्या न्यायसभेत चालत नाही. म्हणून खोलीच्या चार भिंतींना बाहेरून चार पुरुष कान लावून उभे करतात.

आपल्याकडेही तसे चौघे उभे केले होते. पूर्वेला आपला ओगमुंड (तेव्हा त्याला ऐकू यायचं म्हणे), दक्षिणेला आणि पश्चिमेला दोन सरदार, उत्तरेला स्वेर्टिंग नावाचा पहारेकरी. चौघांनी शपथेवर सांगितलं, की मूल रडलं. पण स्वेर्टिंग मार्चमध्ये धक्क्यावर उघड्यावर झोपला आणि थंडीने गोठून मेला. लोक म्हणतात, प्यायला होता. आता इंग्लंडचा राजा अडून बसला आहे, की जिवंत साक्षीदार तीनच, चौथी भिंत मोकळी आहे. ऐकायला वकिली कीस वाटतो, पण तीन जहाजं त्यावर अडली आहेत.

२५ मे

गुनवर आज रडली. मी तिला अशी कधी पाहीन असं वाटलं नव्हतं. तिचा नवरा तोर्लेइव्ह त्या अडकलेल्या जहाजांपैकी एकावर आहे. तिथून सुटून आलेल्या एका माणसाने सांगितलं, की खलाशांना मिठाच्या कोठारात कोंडलंय आणि दोघे मेले. कोणते दोघे, ते त्याला माहीत नाही. ती डोळे पुसत म्हणाली, की लेखनिकबुवा, तुमचं पत्र जरा लवकर लिहा हो. जणू उशीर माझ्या लेखणीमुळे होत होता.

मला फार वाईट वाटलं. तिच्यासाठी काहीही करावं असं वाटलं.

२७ मे

हेर्लाउगनी मला खिडकीशी नेलं. खाली धक्क्यावर बायका जर्मनांच्या कोठारापुढे झोळ्या घेऊन उभ्या होत्या. ते म्हणाले, की तू जानेवारीत इथेच होतास आणि उत्तरेच्या भिंतीशी स्वेर्टिंगच्या सोबत उभा होतास.

मी म्हणालो, की मी तेव्हा निदारोसला होतो. ते म्हणाले, की इंग्लंडच्या वकिलाला निदारोस कुठे आहे हे तरी माहीत आहे का? मग मी विचारलं, की मूल खरंच रडलं होतं ना? बाकीच्या तिघांनी ऐकलं होतं ना? ते म्हणाले, "ते देवाला माहीत. मला तीन जहाजं माहीत आहेत."

मी विचार करायला एक दिवस मागितला. लिहितोय खरा, पण मनात ठरलंच आहे. तिघांनी ऐकलंय, मी चौथा. खोटं असलंच तर पाव हिश्शाचं. आणि तोर्लेइव्ह.

३० मे

झालं. आज सभागृहात पत्र वाचून दाखवलं. इंग्लंडचा वकील म्हणून आलेला एक जाडा पाद्री बाकावर मावत नव्हता. मी शुभवर्तमानावर हात ठेवला आणि म्हणालो, की उत्तर भिंतीशी उभा असताना मी मुलाचं रडणं चार भिंतींच्या आत माझ्या कानांनी ऐकलं. आवाज जरासुद्धा कापला नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

पण तो पाद्री दिसतो तितका मठ्ठ नाही. त्याने विचारलं, की मूल जिवंत होतं तर मरण्याआधी त्याचा बाप्तिस्मा झाला असणारच. नाव काय ठेवलं? धर्मपिता कोण?

सुईण अशा वेळी बाप्तिस्मा देऊ शकते, पण नाव पत्रात नव्हतंच, कुणाला सुचलंच नव्हतं. हेर्लाउग क्षणभरही अडखळले नाहीत. माझ्याकडे हात करून म्हणाले, की धर्मपिता हाच, मुलाच्या वतीने दारातून त्यानेच जबाब दिला. नाव त्यालाच विचारा. आणि अख्खं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. माझ्या तोंडाला आलं ते मी सांगितलं: हावार्ड. मला इथे घेऊन आलेल्या नावाड्याचं नाव! राजपुत्राला!

पत्रात ते मीच माझ्या हाताने लिहिलं. "राजाचा मुलगा हावार्ड, धर्मपिता आउडुन." जागा कमी होती, पण ओळ फार सुंदर बसली. मग मेण, मुद्रा, दोरा. वकील उद्याच्या भरतीला निघणार.

घरी येऊन गुनवरला सांगितलं. तिने माझा हात दोन्ही हातांत धरला.

३१ मे

दुपारी कचेरीत एक लहान मूल रडत होतं. बारीक, भिंतीपलीकडून आल्यासारखं. मला वाटलं, मुदपाकखान्यातल्या कुणा बाईचं असेल. स्वयंपाक्याला विचारलं, तर तो म्हणाला, की या आवारात दोन वर्षांखालचं पोर नाही. मग मांजर असेल.

आवाज उत्तरेच्या भिंतीतून येत होता. पलीकडे नुसता खडक आहे.

२ जून

आज चर्चमध्ये. भजन चालू असताना. उत्तरेकडून. शेजारच्यांना विचारलं, कुणी काही ऐकलं नाही.

माझ्या माडीतही. गुनवर जिन्यात होती, तिलाही काही नाही. ती म्हणाली, की लेखनिकबुवा, साल सोसत नाही तुम्हाला, पोटातलं वारं कानात शिरलंय.

मी हसलो. पण हसताना ते रडत होतं.

४ जून

एक गोष्ट लक्षात आली आहे. रस्त्यावर काही नाही. धक्क्यावर काही नाही. होडीत काही नाही. दार उघडून खोलीत पाय ठेवला, की सुरू. बाहेर आलो, की बंद, तोंडावर हात ठेवल्यासारखं.

संडासातही. तिथेही चार भिंती आहेत.

मग पडवीकडे पाहिलं. तिथे तीनच भिंती आहेत.

मी ओगमुंडच्या पाटीवर लिहिलं, की तुम्हालाही ऐकू येतं का? त्याने कानातलं मेण काढून दाखवलं. आत फक्त व्रण होते. त्याने लिहिलं, की एप्रिलमध्ये सुई घालून दोन्ही कान फोडून घेतले, जगातलं बाकी सगळं ऐकू यायचं बंद झालं, ते तेवढं राहिलं. मग लिहिलं, की त्या दिवशी मूल रडलंच नाही. आम्ही चौघेही तासभर कान लावून होतो. आत सगळं शांत होतं. स्वेर्टिंग प्यायलेला नव्हता, आत झोपायला घाबरत होता. दोघा सरदारांपैकी एक आता स्वतःच्या शेतात उघड्यावर राहतो आणि लोक त्याला हसतात.

मी लिहिलं, की मग आता काय करायचं? त्याने लिहिलं, "मी म्हातारा, मला पडवी पुरते. माझ्याकडे ते भिंतीपलीकडेच राहतं. पण तू त्याला नाव कशाला दिलंस, पोरा?"

७ जून

राणीची सुईण रागनफ्रिड, तिच्याकडे गेलो. टेकडीवर राहते. मी ठरवलं होतं, की पुरलेली जागा विचारायची, तिथे गुडघे टेकायचे, मुलाची माफी मागायची. बाप्तिस्मा न झालेलं मूल, पवित्र जमिनीबाहेर पुरलेलं. ते रडणार नाही तर काय करेल. मी इथल्या पाद्र्याला सोबत नेऊन पाणी शिंपडवणार होतो. सगळं नीट होणार होतं.

रागनफ्रिड आधी दारातून हलेना. मग अंगणातच बोलली. त्या दिवशी तिने बाळाच्या पाठीवर चापट्या मारल्या, गरम पाण्यात घातलं, गार पाण्यात घातलं, तोंडात फुंकर घातली. काही नाही. आवाज नाहीच. मी म्हणालो, की बिचारा हावार्ड. तिने विचारलं, कोण हावार्ड? मी पत्राचं सांगितलं, राजाचा मुलगा म्हणून.

ती माझ्यापासून दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, "राणीला झाली ती मुलगी होती, मला कुणी विचारलंच नाही. मी स्वतः गुंडाळून इथेच या सफरचंदाच्या झाडाखाली ठेवली. शांत झोपली आहे ती. मुलगा तुम्ही कुठून आणलात, ते मला विचारू नका."

तिने दार लावून घेतलं. मी त्या झाडाखाली बसलो. खरोखर फार शांत होतं तिथे.

मग रडतंय ते कोण आहे?

९ जून

इथल्या चर्चच्या पाद्र्याकडे पापनिवेदन केलं. अंगणात करू या म्हटलं, तर तो म्हणाला, की हे काय बाजारातलं बोलणं आहे का, आत या. आत गेलो. मुलाच्या रडण्याच्या वर आवाज चढवून सगळं सांगितलं.

तो म्हणाला, की क्षमा मिळेल, पण आधी साक्ष चारचौघांत मागे घे. मागे घेतली तर जहाजं अडकणार, खलाशी त्या कोठारात मरणार, खोट्या शपथेची शिक्षा म्हणून माझा उजवा हात मनगटापासून जाणार. हात गेला तरी चालेल, असंही आज वाटलं. मी विचारलं, की धर्मपित्याचं काम काय असतं? तो म्हणाला, की एवढं शिकून हे विचारतोस? मुलाला आईबाप नसतील तर धर्मपित्यानेच त्याला सांभाळायचं.

१० जून

हेर्लाउगांचे पाय धरले. ते माझ्याशी फार प्रेमाने बोलले. म्हणाले, की पत्र पोचलंही असेल. म्हणाले, की चार दिवस सुट्टी घे. साक्ष मागे घ्यायची असेल तर घे, पण आधी खाली जा आणि झोळ्या घेऊन उभ्या असलेल्या त्या बायकांना सांग, आणि तुझ्या घरमालकिणीलाही.

मी त्यांना विचारलं, की तुम्हाला काही ऐकू येत नाही का? ते म्हणाले, की मी कशाचीच शपथ घेतली नाही, आउडुन. मी कधीच घेत नाही.

गुनवरला सांगायला गेलो होतो. ती तोर्लेइव्हचा सदरा धुऊन वाळत घालत होती. नाही सांगितलं.

१७ जून

धक्क्यावर राहतो. उलट्या होडीखाली. भिंत नाही, म्हणून शांत आहे. पाऊस आत येतो. पोरं खडे मारतात. गुनवर जेवण आणून देते आणि म्हणते, की वर माडी रिकामी आहे हो, मी काही भाडं मागत नाही. तिला वाटतं मी काही नवस केलाय. असू दे.

२४ जून, संत योहानचा दिवस

जवळची शाई संपत आली, बाकीची कचेरीत राहिली होती. पटकन आत गेलो. उत्तरेच्या भिंतीतून येत नाहीये आता. भिंतीच्या अलीकडे आलंय. मेजाखाली. मी खाली पाहिलं नाही. शाई सांडली, तशीच सोडून—

मेजाखालून अंगरखा ओढला गेला. अगदी थोडासा. लहान मूल धरतं तसा.

२ जुलै

ओगमुंडने पडवीत मला जागा दिली. दोन दिवस कोरडा झोपलो, किती बरं वाटलं. आज वारा सुटला तर स्वयंपाक्याला आमची दया आली. त्याने जुनं शीड आणून उघड्या बाजूला टांगून दिलं. चांगल्या मनाने.

शिडाचा शेवटचा कोपरा बांधल्याबरोबर—

मी आणि म्हातारा दोघेही शीड फाडून बाहेर. म्हातारा चिखलात बसून माझ्या पायांकडे बघत होता. त्याने पाटीवर लिहिलं, की माझ्याकडे बाहेरच होतं, तुझ्याकडे कुठवर आलंय? मी गुडघ्यावर हात ठेवून दाखवलं.

तो पडवी सोडून गेला, मीही परत होडीखाली. माझ्याजवळ बसत नाही आता.

२१ जुलै

जहाजं आली. तिन्ही.

शिडं दिसल्याबरोबर सगळं गाव धक्क्यावर. इंग्लंडच्या राजाने चारही साक्षी मानल्या. तोर्लेइव्ह जिवंत आहे. मोठा माणूस, हाडं वर आलेली. गुनवर त्याला मारत होती आणि रडत होती. मग दोघे माझ्या होडीशी आले. रायची गरम भाकरी, लोणी लावून. तिने त्याला सांगितलं, की याने लिहिलेल्या पत्राने तू आलास. त्याने माझ्यासमोर टोपी काढली.

भाकरी किती गोड लागली. मी फार रडलो. या दोघांना असं बघायला मिळालं, तेवढंच बरं झालं.

२५ जुलै

अंगात ताप. खोकला. छातीत सुरी फिरते. पाऊस थांबत नाही. गुनवर तीनदा आली, घरी चला म्हणते. नाही म्हणालो. होडीची लाकडी कड धरून ठेवली आहे.

२६ जुलै

तिला सगळं सांगितलं. पत्र, शपथ, नाव. सगळं. तिने कपाळावर हात ठेवला आणि तोर्लेइव्हला म्हणाली, की ताप डोक्यात गेलाय रे याच्या. ओगमुंडला विचारा म्हणालो. म्हणाली, त्या वेड्याला?

२८ जुलै

तोर्लेइव्हने मला उचललं. पोतं उचलावं तसं. मी त्याच्या हाताला चावलो. तो म्हणाला, "चावा बुवा, खुशाल चावा. तुम्हाला पावसात मरू दिलं तर मला माणूस कोण म्हणेल?"

मी म्हणालो, दार उघडं ठेवा. हो हो म्हणाले. वारा येतो म्हणून लावलं. खिडकीलाही फळी. मऊ अंथरूण, दोन लोकरी पांघरुणं, गरम दूध. वही आणि लेखणी गुनवरने उशीखाली ठेवली होती, ती सापडली.

दारापाशी रडतंय. आतल्या बाजूने.

जमिनीवरून येतंय. हळू. थांबतं, श्वास घेतं, परत—

हाका मारल्या. तोर्लेइव्ह बाहेर जिन्यात बसलाय, मला कुणी उठवू नये म्हणून. त्याचं खोकणं ऐकू येतंय मला. गुनवरचं कुजबुजणंही. सगळं ऐकू येतंय—

पांघरूण ओढतंय.

रडणं थांबलं. एकदम. छातीवर वजन आहे. ओलं. दोन्ही हात आपोआप त्याच्या खाली गेले, मी नाही नेले, आपोआप—

ओरडतोय मी. घसा फुटेल इतका. गुनवर बाहेर विचारते, की आत काही ऐकू येतंय का रे? तोर्लेइव्ह भिंतीला कान लावतो. लाकूड करकरलं. बराच वेळ ऐकतो. मी ओरडतोय, तोर्लेइव्ह, मी इथे, भिंतीच्या या बाजूला, मी—

तो म्हणतो, नाही गं. काहीच आवाज